प्रेमलताच्या पडद्यावरची रात्र

प्रेमलता गजभियेच्या दुकानात पहिल्यांदा शिरणारा माणूस हमखास ठेचकाळायचा. बाहेर मे महिन्याचं पांढरंफटक ऊन आणि आत खिडक्यांना जाड काळे पडदे. उंबरठा ओलांडला की क्षणभर काही म्हणता काही दिसत नसे. मग अंधारातून बाईचा ठणठणीत आवाज यायचा, "बाकावर बसा. डोळे निवू द्या. गेम कुठी पळून नाई जाऊन राहिला."

गिऱ्हाईक मुकाट्यानं बाकावर बसायचं. डोळे निवेपर्यंत हातात खेळाचा दांडा मिळायचा नाही, हा दुकानाचा कायदा होता. कायदा कोणी केला असं विचारायची सोय नव्हती.

सत्त्याऐंशी साल. नंदनवनातून लकडगंजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका सायकलवाल्याच्या शेजारी तिचं हे व्हिडिओ गेमचं दुकान. आत टीव्ही चार, त्यातले दोन रंगीत. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि कोपऱ्यात एक टेबल. त्यावर सोल्डरिंगची कांडी, मीटर आणि कोणाकोणाचे उघडून ठेवलेले टीव्ही, कारण बाईचा मूळ धंदा दुरुस्तीचा.

छप्पन सालच्या दीक्षेला ती आईच्या कडेवर होती, एवढंच तिला त्या दिवसाचं सांगितलेलं. बाप देवाजी मिलमध्ये कामाला. मुलगी शिकली पाहिजे, हे त्यांनी त्या दिवशी मैदानावरच ठरवलं असं ते म्हणत. पण काय शिकावं हे प्रेमलतानंच ठरवलं. घरचा रेडिओ बिघडला तेव्हा तिनं तो उघडला, आणि आतल्या दिव्यांचा तो लालसर उजेड बघून तिचं मन तिथंच गुंतलं. पुढं आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या वर्गात ती एकटी मुलगी. एशियाडच्या वर्षी नागपुरात टीव्हीची लाट आली, तशी तिला घरोघरून बोलावणी येऊ लागली. बाई टीव्ही उघडते हे बघायला गल्ली जमायची. ती मागचं झाकण काढायची, आत डोकं घालायची आणि तिथूनच म्हणायची, "पोरांनो, टीव्ही इकडून नाई, तिकडून पाहतात."

नवरा बळीराम रेल्वेच्या डाकेत चिठ्ठ्या निवडायचा. स्वभावानं शांत, थोडा भित्रा. त्याच्या मावसभावानं कुवेतहून गेमची मशीन आणली आणि दोन महिन्यांत कंटाळून यांच्या गळ्यात मारली. प्रेमलतानं ती टीव्हीला जोडली, घरातल्यांना खेळवली, आणि तिसऱ्या दिवशी दुकानाची जागा बघायला बाहेर पडली. मग हळूहळू आणखी मशीन आल्या, कॅसेटी आल्या.

सगळ्यात जास्त मागणी होती मोटारीच्या गेमला. डोंगरातून जाणारी सडक, पुढं दुसऱ्या गाड्या, त्यांना चुकवत आपली गाडी काढायची. आधी दिवस असायचा. हिरवं रान, निळं आभाळ. मग सांज व्हायची, आणि मग रात्र. रात्रीची सडक काळ्याशार पडद्यावर जेमतेम उमटायची. दोन्ही कडांना अंधूक निळी रेघ, बाजूला काळपट राखाडी डोंगर, आणि पुढच्या गाडीचे दोन लाल ठिपके. ती रात्र ज्यानं पार केली त्याला पहाट दिसे. पहाट दिसलेली माणसं दुकानात मान वर करून चालत.

त्या रात्रीवरून मात्र सगळ्या नागपुरातल्या गेमवाल्यांची पंचाईत व्हायची. गिऱ्हाईक ओरडायचं, "दिसत नाई!" दुकानदार ब्राइटनेसचं बटण पिळायचा. मग काळं आभाळ राखेसारखं व्हायचं, डोंगर आणि सडक एकाच रंगात मिसळायचे, आणि दिसायचं ते आणखीच कमी. प्रेमलताला हे बघून चीड येई.

"उजेड वाढवला म्हणजे दिसते असं नाई," ती सांगायची. "आधी काळं नीट लावा. काळं काळंच दिसलं पाहिजे. थे जमलं की बाकीचं आपोआप दिसते."

रोज सकाळी दुकान उघडलं की ती पडदे ओढून घ्यायची आणि एकेक टीव्ही लावायची. ब्राइटनेस इतका वाढवायची की काळ्या पडद्यावर बारीक आडव्या रेघा उठाव्यात. मग तेच बटण हलक्या हातानं मागं, मागं, जोवर त्या रेघा नुसत्या विरून जात नाहीत तोवर. तिथं थांबायचं. त्यानंतर कॉन्ट्रास्ट, म्हणजे पुढच्या गाडीचे लाल दिवे टपोरे व्हावेत इतका. एवढं झालं की ती स्वतः रात्रीच्या सडकेवर एक चक्कर मारायची. निळ्या रेघा दिसल्या की दुकान चालू.

उन्हाळ्यात दुपारी मोहल्ल्यातले सगळे कूलर सुरू झाले की व्होल्टेज बसायचं आणि चित्र आक्रसायचं. त्याच्यावर तिनं स्टॅबिलायझर बसवले होते, आतली तारेची वेटोळी स्वतः गुंडाळून केलेले. थोडक्यात, तिच्या दुकानात रात्र दिसत नाही असं म्हणायला जागा नव्हती.

आणि नेमकं तेच रामाजी बोरकर म्हणू लागला.

रामाजी हा लकडगंजातल्या एका लाकूड कापायच्या आरा मशीनवरचा ट्रक ड्रायव्हर. चाळिशीच्या अलीकडचा, रुंद खांद्यांचा, बोलका. मालक भैय्याजी. पारशिवनीच्या बाजूनं सागवानाची लाकडं आणायची, लकडगंजात उतरवायची, हे त्याचं काम. हमाल लाकडं उतरवत तोवर त्याला वेळ असे. तेवढ्यात तो या दुकानात यायचा आणि दर वेळी मोटारीचाच गेम मागायचा.

"काहून गा रामाजीभाऊ," प्रेमलतानं एकदा विचारलं, "दिवसभर ट्रक चालवता, आन इथं येऊन पुन्हा मोटारच?"

"ट्रकमंदी डोक्यावर मालक असते, बाई. इथं मीच मालक."

दिवसाच्या सडकेवर त्याचा हात बघण्यासारखा होता. कुठली गाडी कुठून काढायची हे त्याला आधीच कळायचं. बाकीची गिऱ्हाइकं आपला खेळ थांबवून त्याच्या मागं उभी राहत. पण सांज झाली की हात चाचपडायला लागायचा, आणि रात्र पडली की धडाधड. पुढच्या गाडीच्या ढुंगणावर नेम धरल्यासारखा जाऊन आदळायचा.

"बाई, तुमचा टीव्ही रातच्याले काळा पडते. उजेड वाढवा ना जरासा."

"वाढवला तर रात्र राहणार नाई, पांचट चहा होईन. जराशी नजर बसू द्या."

पहिल्या वेळी तिला वाटलं, उन्हातून आलाय. दुसऱ्या वेळी तिनं त्याला बाकावर जास्त वेळ बसवलं. तिसऱ्या वेळी त्याला दुसऱ्या टीव्हीवर बसवलं. फरक काही पडला नाही. मग एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. रामाजी खेळून गेला की त्या टीव्हीचं ब्राइटनेसचं बटण शेवटाला गेलेलं असायचं. ती पाठमोरी झाली की हा बटण पिळत होता, आणि तरीही आदळतच होता.

आता हा तिच्या कामावरचा आळ होता. प्रेमलतानं दुकान बंद करून तो टीव्ही उघडला. आतला बटणांचा जोड तपासला, ट्यूब तपासली, व्होल्टेज मोजलं. दोष कुठंच नाही. तरी खात्री म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं सासूला दुकानात आणलं. भागीरथाबाईंनी साठी कधीच ओलांडलेली, नाकावर जाड भिंगांचा चष्मा.

"माय, ह्या टीव्हीत काय काय दिसते थे सांगा मले."

भागीरथाबाईंनी मान पुढं केली. "काय दिसन? रात हाये. दोन लाल दिवे हायेत. सडकेच्या कडेले निळी किनार हाये, लुगड्याची असते तशी. आन बाजूले थे डोंगर. काहून वं?"

"काई नाई."

पण प्रेमलता तिथंच बसून राहिली. सासूला डोंगर दिसतात आणि रामाजीला सडक दिसत नाही. टीव्ही तोच, बटण तिथंच. मग राहिलं काय?

त्या संध्याकाळी रामाजी दुकानातून निघाला तेव्हा ती मुद्दाम दारात उभी राहिली. बाहेर अजून पुरता अंधार नव्हता, रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे ओळखू येत होते. रामाजीनं भिंतीला हात लावला, पायानं पायरी चाचपली, आणि मग उतरला. पायरीशी सायकलवाल्यानं एक चाक टेकवून ठेवलं होतं. त्यात त्याचा पाय अडकला. "च्या मायले!" म्हणत तो सावरला, आणि चार पावलांवर उभ्या असलेल्या ट्रककडे गेला, हात पुढं धरून.

आज पुन्हा पारशिवनीला जायचंय, असं तो मघाशीच म्हणाला होता.

"रामाजीभाऊ, थांबा!" ती धावतच गेली. "ही गाडी रातची कोण चालवते?"

"कोण म्हंजे? मीच."

"तुम्हाले दिसते?"

रामाजी हसला, पण हसणं नेहमीचं नव्हतं. "न दिसाले काय झालं? मोठे दिवे हायेत गाडीले."

"माह्या टीव्हीत काई खराबी नाई. मी उघडून पाह्यला. माह्या सासूले सडक दिसते, तुम्हाले दिसत नाई. डोळे दाखवून घ्या, भाऊ. तोवर रातची गाडी नका चालवू."

रामाजीचा चेहरा एकदम बदलला. "वा बाई! टीव्ही तुमचा खराब, आन डोळे माह्ये खराब? ड्रायव्हरचे डोळे खराब म्हणणं म्हंजे त्याच्या पोटावर पाय देणं हाये, समजलं? भैय्याजीच्या कानावर गेलं तर उद्या मले दारात उभं नाई करणार थो. पुन्हा बोलू नका." आणि गाडी सुरू करून तो निघून गेला.

रात्री जेवताना तिनं बळीरामला सगळं सांगितलं. बळीरामचा घास हातातच राहिला.

"तू कशाले पडतं वं यात? लोकाच्या रोजीचा मामला हाये. आपलं दुकान, आपला गेम. आपण डाक्टर हाओत काय?"

"डाक्टर नाई. पण काय दिसाले पाहिजे आन काय नाई, हे तर मले समजते ना. लाकडाच्या ढिगावर हमाल बसून येतात त्याच्या गाडीत. सडकेनं माणसं चालतात."

"मंग मालकाले सांगून टाक."

"मालकाले सांगितलं तर माणूस कामावरून जाईन, आन दुसऱ्या मालकाकडे जाऊन हेच करन. त्याचं त्याले समजलं पाहिजे." तिनं ताट बाजूला सारलं. "त्याच्या घरी जातो मी उद्या."

बायकोनं 'जातो' म्हटलं की ती जाते, हे बळीरामला लग्नापासून ठाऊक होतं. फक्त झोपताना म्हणाला, "दोन-चार आंबे घेऊन जाशीन. रिकाम्या हातानं जाऊ नको."

रामाजीचं घर नंदनवनातच, मागच्या वस्तीत. बायको कौसल्या अंगणात तांदूळ निवडत होती. रामाजी पारशिवनीहून परतला नव्हता. जयभीम झाला, पाणी झालं, आंबे सुपाशेजारी ठेवले गेले. प्रेमलताला आडून बोलता येत नसे. तिनं सरळ विचारलं, "वहिनी, रामाजीभाऊंले सांजच्याले दिसत नाई काय?"

कौसल्याचे हात सुपात थांबले. ती म्हणाली, "तुम्हाले कोण सांगितलं, ताई?"

"कोणी नाई. माह्या टीव्हीनं सांगितलं."

आणि मग कौसल्या बोलायला लागली ती थांबेचना. तीन-चार वर्षं झाली असतील. आधी नुसतं ताटातला मिठाचा खडा दिसायचा नाही. मग संध्याकाळी बाहेर पडताना तो तिला बरोबर घ्यायला लागला, बाजाराच्या निमित्तानं, आणि तिचा हात धरून चालायला लागला. शेजारणी हसायच्या, नवरा-बायकोचं भारी प्रेम आहे म्हणून. तिनं गाजरं खाऊ घातली, पपई खाऊ घातली, कोणी सांगितलं म्हणून बकऱ्याची कलेजी खाऊ घातली. त्याच्या बापालाही असंच होतं. म्हातारा शेवटी शेवटी दिवसासुद्धा काठीनं चालायचा.

"मी म्हटलं त्याह्यले, नोकरी सोडा. तर म्हणतात, आन करू काय? ड्रायव्हरी सोडून मले येते काय? थे रातचे गाडी घेऊन जातात ना ताई, मी दाराले पाठ लावून बसून राहतो, हॉर्न ऐकू येतपर्यंत. पण त्याह्यले थोडं दिसत असन, असंच मले वाटे. माणूस स्वतःचा जीव तर नाई ना घालणार धोक्यात!"

"त्याह्यले स्वतःलेच पुरतं माहीत नाई, वहिनी. दुसऱ्याले किती दिसते हे माहीत असल्याशिवाय आपल्याले कमी दिसते हे समजन कसं? तुम्ही त्याह्यले घेऊन या दुकानात. येतीन?"

कौसल्यानं पदरानं डोळे पुसले. "आणतो. मी आणतो."

आणि तिनं आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रामाजी दारात उभा राहिला, चेहरा पाडून. मागं कौसल्या, इस्त्रीचं पातळ नेसून, जणू कोणाच्या बारशाला आल्यासारखी. प्रेमलतानं दुकानातल्या गिऱ्हाइकांना बाहेर घालवलं. कोणी कुरकुर केली तर म्हणाली, "मशीन दुरुस्त करून राहिली मी." दार लोटलं, पडदे ओढले आणि दोघांना बाकावर बसवलं. कूलरच्या खसाचा वास आणि त्याची घरघर, एवढंच.

डोळे निवल्यावर तिनं कौसल्याच्या हातात दांडा दिला.

"मले?" कौसल्या दचकली. "मले काय येते याच्यातलं?"

"दांडा डाव्या अंगाले झुकवला की गाडी डाव्या अंगाले. उजव्या अंगाले झुकवला की उजव्या. बस्स. हळूहळू चालवा, कोणी मागं नाई लागलं."

प्रेमलतानं दांडा परत घेऊन दिवसाची आणि सांजेची सडक स्वतः पार केली, आणि रात्र पडल्यावर तो पुन्हा तिच्याकडे दिला. कौसल्यानं दोन्ही हातांनी तो असा धरला की जणू विहिरीचा दोर. गाडी बैलबंडीच्या वेगानं निघाली. डावं वळण आलं, ती वळली. उजवं आलं, तिकडंही वळली. पुढचे लाल दिवे जवळ आले तशी ती बाजूनं निघाली.

"अगाई!" ती एकदम पोरीसारखी हसली. "जमते की मले!"

रामाजी आतापर्यंत जमिनीकडे बघत होता. त्यानं मान वर केली. "तुले वळण कसं समजते?"

"कसं म्हंजे? दिसते ना. थे पाहा, कडेले निळी रेघ. आता डोंगराच्या मागून वळून राहिली."

"कुठी डोंगर?"

"हे काय. आन हे काय दुसरा."

रामाजी उठला. पडद्यापाशी गेला, गुडघे टेकले, आणि काचेला नाक लागेल इतका पुढं झाला. तिथं त्याला लाल ठिपके दिसत होते, आणि ठिपक्यांच्या भोवती काळं. त्यानं हात उचलून काचेवर ठेवला, जिथं कौसल्या डोंगर म्हणाली होती तिथं. हाताच्या आड कौसल्याची गाडी कशाला तरी धडकली, आणि मशीन कर्कश वाजली.

रामाजी गुडघ्यांवरूनच, प्रेमलताकडे न बघता म्हणाला, "बाई, ह्याच्यात एवढं सारं असते?"

"असते, भाऊ. सगळ्यांले दिसते."

"मले जरासं कमी दिसते हे समजत होतं. पण वाटे, रात म्हंजे अशीच असते. सगळ्यांलेच थोडंफार असंच दिसते, आन ज्याचा हात चांगला थो निभावून नेते." तो बाकावर येऊन बसला. "मी पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून येतो, पारशिवनीवरून. थो जिकडं वळला तिकडं मी वळतो."

"आन पुढं गाडी नसली तर?"

"थांबतो सडकेच्या बाजूले. इंजन पाहून राहिलो म्हणतो हमालांले. दुसरी गाडी येतपर्यंत."

"बैलबंडीले तर लाल दिवा नसते, भाऊ."

रामाजीनं तोंडावरून हात फिरवला. आणि मग त्यानं ते सांगितलं, जे त्यानं कौसल्यालाही सांगितलं नव्हतं. होळीच्या सुमाराला, सांजेच्या वेळी, गाडीला काहीतरी घासल्यासारखं झालं. तो उतरला. सडकेवर मोहाची फुलं पसरली होती आणि खालच्या नाल्यातून एक म्हातारी शिव्या देत वर येत होती. तिनं गाठोडं टाकून उडी मारली म्हणून वाचली. "दिसत नाई काय रे, आंधळ्या!" असं ती ओरडत होती. हमाल हसले. तोही हसला.

"पण त्या दिवसापासून मले झोप नाई," तो म्हणाला. "म्हणून तर मी इथं येऊन राहिलो होतो. म्हटलं, इथं रातचं चालवता आलं, तर तिकडंही येईन. हाताले सवय होईन."

आतापर्यंत प्रेमलताला वाटत होतं की हा माणूस तिच्या टीव्हीला नावं ठेवायला येतो. तो तर शिकायला येत होता. तिनं उठून टीव्ही बंद केला, पडदे बाजूला केले आणि माठातलं पाणी आणून दोघांना दिलं.

"उद्या सकाळी दवाखान्यात जायचं," ती म्हणाली. "मी येतो संगं. आन आज गाडी नाई न्यायची. भैय्याजीले तुम्ही सांगायचं, मी नाई. पण पाहिजे असन तर बाजूले उभी राहतो."

"या," रामाजी म्हणाला. "एकट्यानं माह्या तोंडून निघणार नाई."

आरा मशीनच्या आवारात भुशाचा वास भरला होता. भैय्याजी खाटेवर बसून चहा पीत होते. रामाजीनं किल्ली त्यांच्यापुढं ठेवली आणि सांगून टाकलं, नाल्यातल्या म्हातारीसकट. भैय्याजींचा कप बशीत आपटला.

"आँ? दिखता नहीं? चार साल से?" ते उठून उभे राहिले. "अबे, माह्या बहिणीचा पोरगा बसून येते त्या लाकडांवर! थो मेला असता म्हंजे सांगाले आला असता काय?" मग त्यांची नजर प्रेमलताकडे गेली. "आन ह्या बाई कोण?"

"मी गेमवाली. टीव्ही दुरुस्त करतो."

"गेमवालीचं इथं काय काम?"

"यानं आपणहून सांगितलं, एवढं पाहाले आली, भैय्याजी. लपवणारे आणखी असतीन तुमच्याकडे. यानं सांगितलं, आन तुम्ही याले हाकललं, तर बाकीचे काय शिकतीन याच्यातून?"

भैय्याजींनी तिच्याकडे पाहिलं, मग रामाजीकडे, मग किल्ली उचलून खिशात टाकली. "जा घरी," एवढंच म्हणाले. ठेवलं की काढलं, ते कळलं नाही.

दवाखान्यात डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकले, दिवा मारून बराच वेळ आत बघितलं आणि नीट समजावून सांगितलं. डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याचा आजार. घराण्यातून येतो. आधी रात्रीची नजर जाते, मग बाजूचं दिसणं कमी होत जातं. हळूहळू होतं, वर्षानुवर्षं लागतात. औषध नाही. रात्रीची गाडी आजपासून बंद, आणि खरं म्हणजे दिवसाचीही बंदच करावी.

रामाजी प्रेमलताकडे वळून म्हणाला, "बाई, ह्या पडद्याले बटण नसते काय?"

"नसते, भाऊ," ती म्हणाली.

"घरातल्या बाकीच्यांनाही घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भाऊ, मुलं, सगळ्यांना."

चौथ्या दिवशी भैय्याजींचा माणूस रामाजीला बोलवायला आला. ट्रक दुसऱ्याला दिला होता. पण इतकी वर्षं लाकूड वाहून रामाजीला लाकडाची पारख आली होती. ओंडक्यावर हात मारून आतून पोकळ आहे की भरीव, ते तो सांगू शके. भैय्याजींनी त्याला आवारात माल बघून घेण्याच्या कामावर ठेवलं, सकाळी यायचं आणि दिवस बुडायच्या आत जायचं. सुरुवातीला आपल्या ट्रकवर दुसरा माणूस चढताना बघून तो तोंड फिरवायचा. हमाल काही बोलले की भांडायचा. कौसल्या येऊन प्रेमलताजवळ रडायची, आणि प्रेमलता तिला म्हणायची, "भांडून राहिले ना? भांडू द्या. भांडणारा माणूस जिवंत असते."

पावसाळ्यात त्याचा धाकटा भाऊ धोंडबा पारशिवनीहून आला. त्यालाही ड्रायव्हरी शिकायची होती. रामाजीनं त्याला घरात पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही, आधी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, याचे डोळे स्वच्छ आहेत. रामाजीच्या मुलीचेही स्वच्छ निघाले. त्या दिवशी रामाजी बऱ्याच दिवसांनी गेमच्या दुकानात आला. खेळायला नाही. हातात पेढ्यांचा पुडा होता, आणि जे खेळत होते त्या सगळ्यांना त्यानं एकेक पेढा दिला. मोटारीच्या गेमवर बसलेल्या कोणीतरी ओरडून विचारलं, "काका, रात पार करून दाखवता काय?"

"नाई गा," रामाजी म्हणाला, "मले दिसत नाई रातचं." आणि सांगताना त्याचा आवाज अजिबात हलला नाही.

धोंडबा वर्षभरात गाडी शिकला आणि पुढं भैय्याजींच्याच ट्रकवर लागला. पहिल्या फेरीला दिवसा रामाजी त्याच्या शेजारी बसून गेला, पारशिवनीपर्यंतची वळणं सांगत. परत आल्यावर कौसल्या ते सगळं सांगायला प्रेमलताकडे आली. वळण कुठं, पूल कुठं, कुठं माणसं सडकेनं चालतात म्हणून हॉर्न द्यायचा, हे सगळं त्यांनी धाकट्याकडून कसं घोकून घेतलं. प्रेमलता कोणाच्या तरी टीव्हीत डोकं घालून बसली होती. तिनं मान वर न करता सगळं ऐकलं, आणि म्हणाली, "बरं झालं. आता जराशी ती सोल्डरिंगची कांडी द्या मले, वहिनी. आन बसा. चहा मांडतो हे झालं की."